माणूस ठाण्यात, काम मुंबईत, उत्पन्न कोणाचे? राज्याचे आकडे वाचताना

दरवर्षी मार्च महिन्यात, अर्थसंकल्पाच्या तोंडावर, ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हा जाडजूड अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यातले तीन-चार आकडे ठळक अक्षरांत छापून येतात. २०२४-२५ च्या पाहणीने राज्याची अर्थव्यवस्था त्या वर्षी ७.३ टक्क्यांनी वाढेल आणि चालू किमतींनुसार राज्याचे स्थूल उत्पन्न ४५ लाख कोटी रुपयांच्या पुढे जाईल, असा अंदाज दिला होता. ठाणे स्थानकात सकाळी आठच्या गर्दीत गाडीची वाट पाहणारा माणूस हे वाचतो तेव्हा त्याच्या मनात साधा प्रश्न येतो: राज्य सात टक्क्यांनी वाढले, तर त्यात माझा पगार कुठे आहे आणि मुलाची नोकरी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी हे लक्षात घ्यावे लागते की उत्पन्न, रोजगार आणि लोकसंख्या हे तीन आकडे वेगवेगळ्या यंत्रणा वेगवेगळ्या रीतीने मोजतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी मोजतात. ठाणे आणि नवी मुंबई हा भाग या तिन्ही मोजण्यांच्या बरोबर सांध्यावर वसलेला आहे. म्हणून राज्याचे चित्र समजून घेण्यासाठी इथूनच सुरुवात करणे मला सोयीचे वाटते.

वाढ म्हणजे नेमके काय वाढले?

राज्याचे स्थूल उत्पन्न म्हणजे वर्षभरात राज्याच्या हद्दीत तयार झालेल्या वस्तू आणि सेवांमध्ये जी नवी भर पडली तिची एकूण किंमत. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्याने साठ रुपयांचा कच्चा माल घेऊन शंभर रुपयांची वस्तू बनवली, तर हिशेबात चाळीस रुपये धरले जातात, शंभर नव्हे. कारण उरलेले साठ रुपये कच्चा माल बनवणाऱ्याच्या नावावर आधीच मोजून झालेले असतात.

या उत्पन्नाची वाढ दोन प्रकारे सांगितली जाते आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ रुपयांवरून २६ रुपये झाले. नौपाड्यातल्या एखाद्या रिक्षाचालकाने भाडेवाढीपूर्वी आठवड्याला किमान भाड्याच्या शंभर फेऱ्या मारल्या असतील तर त्याला २,३०० रुपये मिळाले. भाडेवाढीनंतर तेवढ्याच फेऱ्या मारल्या तर २,६०० रुपये मिळाले. रुपयांत पाहिले तर त्याचा व्यवसाय १३ टक्क्यांनी वाढला, पण त्याने एकही जास्तीचा प्रवासी नेलेला नाही. पहिली वाढ ‘चालू किमतींनुसार’ झाली, दुसरी म्हणजे ‘स्थिर किमतींनुसार’ वाढ शून्य राहिली. वर उल्लेखलेले ७.३ टक्के स्थिर किमतींचे आहेत, तर ४५ लाख कोटी हा आकडा चालू किमतींचा आहे. बातमीत दोन्ही एकाच वाक्यात येतात, म्हणून वाचणाऱ्याने दोन्हीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहायला हवे.

दुसरी अडचण दरडोई उत्पन्नाची. त्याच पाहणीत राज्याचे दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये असेल असा अंदाज होता. चार जणांच्या कुटुंबाला हा आकडा लावला तर वर्षाला बारा लाखांहून अधिक रुपये होतात. लोकमान्यनगरमधल्या किंवा तुर्भे स्टोअरमधल्या किती घरांना हा आकडा आपला वाटेल? आकडा खोटा नाही. त्यात कंपन्यांचा नफा, घरभाड्याचे उत्पन्न, व्याज असे सगळे आलेले असते आणि त्या बेरजेला तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सर्वांच्या संख्येने भागलेले असते. सरासरीच्या पोटात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्यासारखे दरडोई उत्पन्नात तळाला असलेले जिल्हेही असतात आणि मुंबई, ठाणे, पुणेही असतात.

आता ठिकाणाचा प्रश्न. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना ते जिथे निर्माण झाले तिथे धरण्याचे तत्त्व वापरले जाते. घोडबंदर रस्त्यावर राहणारी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकेत काम करणारी व्यक्ती जी भर घालते ती मुंबई उपनगर जिल्ह्याच्या खात्यात जाते. तिच्या पाण्याची, मुलांच्या शाळेची, कचऱ्याची आणि रस्त्याची जबाबदारी मात्र ठाणे महापालिकेवर असते. नवी मुंबईत तर हा पेच आणखी वाढतो, कारण हे शहरच दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. पनवेल, उलवे आणि उरण रायगडमध्ये. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेले नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ ही दोन्ही रायगडच्या हद्दीत आहेत. नेरूळमध्ये राहून विमानतळावर काम करणाऱ्या तरुणीचे काम एका जिल्ह्याचे उत्पन्न वाढवते आणि तिचे घर दुसऱ्या जिल्ह्याची लोकसंख्या. त्यामुळे अशा जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न शेजारच्या जिल्ह्याकडे न बघता सुटे वाचले, तर निष्कर्ष चुकण्याची शक्यता फार मोठी असते.

नोकऱ्या मोजण्याची रीत

रोजगाराचा मुख्य आकडा ‘नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणा’तून येतो. हे सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२५ पासून त्याचे निष्कर्ष दर महिन्याला जाहीर होऊ लागले. त्यातील कर्मचारी कारखान्यात किंवा कार्यालयात जात नाहीत, निवडलेल्या घरांत जाऊन विचारतात. म्हणजे उत्पन्न कामाच्या जागी मोजले जाते आणि रोजगार राहत्या घरी. वांद्र्याच्या बँकेतली तीच व्यक्ती इथे ठाण्याची कामगार म्हणून नोंदली जाते.

या सर्वेक्षणात ‘बेरोजगार’ हा शब्द आपण बोलताना वापरतो त्यापेक्षा बराच अरुंद अर्थाने घेतला जातो. काम नाही, पण काम शोधत आहे किंवा मिळाल्यास करायला तयार आहे, अशीच व्यक्ती बेरोजगार ठरते. ठाण्यातल्या अभ्यासिकेत बसून राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने ‘सध्या शिकतो आहे’ असे सांगितले, तर तो बेरोजगारांत येत नाही, श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर धरला जातो. बाळंतपणानंतर रोजचा दोन-दोन तासांचा प्रवास झेपत नाही म्हणून नोकरी सोडलेली आई ‘घर सांभाळते’ असे सांगते आणि तीही बाहेर राहते. दुसऱ्या टोकाला, ‘चालू साप्ताहिक स्थिती’च्या व्याख्येनुसार मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती कामात असल्याचे धरले जाते, आणि घरच्या दुकानात विनामोबदला हात लावणारी सूनही कामकरी ठरते. या व्याख्या जगभर थोड्याफार अशाच आहेत आणि त्यांना कारणे आहेत. मात्र २०२३-२४ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता असे वाचून, उरलेल्या सगळ्यांना बरे काम आहे असा अर्थ काढता येत नाही. त्याच वर्षी देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते आणि नियमित पगारावर जेमतेम २१.७ टक्के. गरीब घरात बेरोजगार बसून राहणे परवडत नाही. तिथे माणूस मिळेल ते काम धरतो आणि आकड्यात रोजगारी ठरतो.

म्हणून मी बेरोजगारीच्या दरापेक्षा दोन गोष्टी आधी पाहतो: किती लोक श्रमबलात आहेत, आणि जे कामात आहेत त्यांचे काम कोणत्या प्रकारचे आहे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग देशात २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. बदल मोठा आहे, पण त्यातील बरीच वाढ ग्रामीण भागात आणि शेती व घरच्या उद्योगात झालेली असल्याने तिला पगारी नोकऱ्यांची लाट समजू नये.

रोजगाराचा दुसरा आकडा भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यांवरून येतो. दर महिन्याला इतकी नवी खाती वाढली अशी बातमी येते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाचा असतो. इथे मोजणी पुन्हा तिसऱ्याच ठिकाणी होते, आस्थापनेची नोंदणी जिथे आहे तिथे. शिवाय नवे खाते म्हणजे नवी नोकरी असे नेहमीच नसते. महाप्यातल्या एखाद्या छोट्या कारखान्यात अठरा कामगार होते आणि आणखी दोन आले, की आस्थापना वीस कामगारांच्या मर्यादेत येते आणि वीसही जणांची खाती उघडतात. नोकऱ्या दोन वाढल्या, खाती वीस. अठरा जुन्या कामगारांना संरक्षण मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली, पण ती रोजगारवाढ नव्हे.

उत्पन्न वाढले तरी नोकऱ्या त्या वेगाने का वाढत नाहीत, याचे उत्तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना डोळ्यांना दिसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्यातील वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. तिथे आणि पुढे खाडीपलीकडच्या पट्ट्यात रसायने, औषधे, यंत्रभाग, छपाई अशा कारखान्यांत पाळीपाळीने कामगार जात. त्यातल्या अनेक जमिनींवर आता निवासी इमारती, माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आणि अलीकडे ऐरोली, रबाळे, महापे परिसरात विदासंचय केंद्रे, म्हणजे ज्यांना सगळे डेटा सेंटर म्हणतात ती, उभी राहिली आहेत. डेटा सेंटरमध्ये गुंतवणूक हजारो कोटींची होते, वीज प्रचंड लागते, राज्याच्या उत्पन्नात भरही पडते. पण इमारत उभी राहिल्यावर ती चालवायला तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक आणि देखभाल करणारे मिळून फार थोडी माणसे पुरतात. उत्पन्नात एक टक्का वाढ झाली की रोजगारात किती वाढ होते, या प्रमाणाला अर्थशास्त्रात रोजगाराची लवचिकता म्हणतात. अशा भांडवलप्रधान उद्योगांत ती अगदी कमी असते, तर कपडे शिवणे, अन्नप्रक्रिया, बांधकाम, पर्यटन यांत बरीच जास्त.

राज्याच्या पातळीवर हीच विसंगती शेतीत उलट्या बाजूने दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि राज्याच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा मात्र ढोबळमानाने आठव्या हिश्शाइतका. इतक्या लोकांत एवढेच उत्पन्न वाटले जाते, म्हणून गावाकडून शहराकडे माणूस निघतो.

माणसे कुठून आली, कुठे राहिली

२००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटी होती, ती २०११ मध्ये ११.२४ कोटी झाली. वाढीचा वेग आधीच्या दशकातील २२.७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. हा झाला एकूण आकडा. जिल्हे उलगडले की मात्र चित्र वेगळेच दिसते. त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली, वाढ ३६ टक्के, आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतले सुमारे ८० लाख ७० हजार लोक आले.) याच काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, रत्नागिरीची जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाचीही दोन टक्क्यांहून थोडी अधिक घटली. वाढत्या राज्यात हे तीन जिल्हे आकसले.

या घटींमागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळची कुटुंबे डोंबिवली, कळवा, दिवा, बदलापूरकडे सरकली. कोकणातून पूर्वी गिरणगावात येणारा तरुण आता थेट दिवा-मुंब्र्यात येतो. कोकणातली स्थिती स्त्री-पुरुष प्रमाणावरून उघड होते: २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ स्त्रिया होत्या, ठाण्यात ८८६ आणि मुंबई शहरात ८३२. कमावता पुरुष इथे आणि घर सांभाळणारी बाई, म्हातारे आईवडील तिथे, ही कोकणातल्या घराघराची कहाणी या तीन आकड्यांत मावलेली आहे.

नवी मुंबईची कहाणी आणखी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे नोकऱ्या आणि माणसे एकत्र नेण्याचा प्रयत्न ठरवून झाला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी निश्चित झाली. मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्या पलीकडे गेल्या की बाकीची कार्यालये आणि माणसे मागोमाग जातील, हा त्या आराखड्याचा कणा होता. मंत्रालय हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला भर घालून नवी कार्यालये उभी राहिली. घरे आधी झाली आणि कामे मागे राहिली, त्यामुळे वाशीची पहिली पिढी रोज मुंबईला जात राहिली. वाशीला उपनगरी गाडी यायलाच १९९२ साल उजाडले आणि ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाडी २००४ मध्ये सुरू झाली.

खरा बदल घडवला तो घाऊक बाजाराने. मशीद बंदर, भायखळ्याचे कांदा-बटाटा, भाजी, फळे आणि धान्याचे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले आणि त्यांच्यासोबत माथाडी कामगार आले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. या कामगारांत सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागातून आलेली माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि कोपरखैरण्यात त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. काम आणि घर दोन्ही एकाच शहरात आल्यावर माणूस कसा स्थिरावतो, त्याची मुले पुढे शिकून त्याच शहरातल्या माहिती-तंत्रज्ञान संकुलात कशी जातात, हे तिथे दोन पिढ्यांत घडलेले दिसते. म्हणूनच रोजगार घराजवळ नेण्याला मी रस्ते-पुलांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून थोडे अधिक, महत्त्व देतो.

याच जागेवर आधी राहणाऱ्यांचा हिशेब मात्र कोणत्याही वृद्धिदरात आलेला नाही. आगरी आणि कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. जमीन मिळाली, पण शेतकऱ्याला कामगार किंवा तंत्रज्ञ बनवणारे शिक्षण त्या भूखंडासोबत आपोआप मिळत नव्हते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘शेतीतून सेवाक्षेत्राकडे स्थित्यंतर’ असे एका ओळीत लिहिलेले असते, ते इथे या किमतीत झाले.

पुढची वीस वर्षे

जन्मदराची बाजू आता बदलली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या १९९२-९३ मध्ये २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी हे प्रमाण २.१ लागते. तरीही राज्याची लोकसंख्या लगेच घटणार नाही, कारण पूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता आईबाप होण्याच्या वयात आहेत. मुले कमी होत असली तरी जोडपी जास्त आहेत. गाडीचा ब्रेक लावल्यावरही ती थोडे अंतर पुढे जाते, तसे हे आहे. त्या काळात काम करण्याच्या वयातील माणसांचे प्रमाण जास्त आणि अवलंबून असणाऱ्यांचे कमी राहते. यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात, पण हातांना काम असेल तरच तो लाभांश ठरतो. २०११ मध्येच राज्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात होते आणि ते वाढते आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत, जिथून तरुण निघून जातात, वार्धक्य आधी पोहोचते. ठाण्याला ते उशिरा गाठेल, पण आज नव्या गृहसंकुलांत कर्ज काढून राहायला आलेली जोडपी एकाच वयाची असल्याने, पंचवीस वर्षांनी ती सगळी एकदमच म्हातारी होतील. त्या दृष्टीने रुग्णालये, पदपथ आणि उद्वाहक असलेली स्थानके यांचे नियोजन आताच व्हायला हवे.

भविष्याचे आकडे वाचताना ‘अंदाज’, ‘उद्दिष्ट’ आणि ‘करार’ हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. नीती आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या आराखड्यात मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे आणि २८ ते ३० लाख नोकऱ्या निर्माण करण्याचे म्हटले आहे. हे उद्दिष्ट आहे; अमुक केले तर तमुक साधेल, असे त्याचे स्वरूप आहे. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे राज्याने सुमारे १५.७ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले, तेही इराद्याचे कागद आहेत. करारानंतर जमीन, परवाने, वीज, यंत्रे आणि शेवटी भरती असा बराच लांबचा प्रवास असतो आणि वाटेत काही प्रकल्प गळतात. त्या उलट अटल सेतू जानेवारी २०२४ पासून वाहता आहे, नवी मुंबईचे विमानतळ पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांच्या क्षमतेचे बांधून झाले आहे, आणि या दोन्हींच्या भोवती गोदामे, हॉटेले, मालवाहतूक, विमान-देखभाल यांतली कामे कितपत उगवतात हे पुढच्या चार-पाच वर्षांत प्रत्यक्ष मोजता येईल. त्या कामांसाठी पनवेल-उरणच्या मुलांना आयटीआयमधून तयार केले जाते की माणसे दुरून येऊन पुन्हा लोकलवर भार टाकतात, यावर त्या वाढीचा इथल्या घरांना किती उपयोग होईल ते ठरेल.

हे सगळे मोजायचे कशाच्या आधारे, हा सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची आहे. म्हणजे दिव्याच्या पाण्यापासून घणसोलीतल्या शाळांच्या वर्गांपर्यंत बहुतेक नियोजन २०११ च्या माणसांवर चालले आहे, आणि मधल्या काळात इथे किती इमारती झाल्या हे कळव्याच्या पुलावरूनही दिसते. २०११ मध्ये जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण, स्थलांतराचे कारण आणि घरापासून कामाचे अंतर हेही विचारले होते. माणूस, काम आणि उत्पन्न यांची सांगड घालणारी याहून चांगली माहिती दुसरीकडे मिळत नाही. गावच्या शिधापत्रिकेवरचे नाव किंवा सातबारा धोक्यात येईल या भीतीने काही कुटुंबे स्वतःला गावचे म्हणूनच नोंदवतात. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. तेव्हा प्रगणक दारात येईल त्या दिवशी, आपण वर्षातले बहुतेक दिवस जिथे राहतो ते ठाणे, दिवा, ऐरोली किंवा पनवेल हेच ठिकाण त्याला सांगावे.